एजंटरावांस कन्हेरीहून अनावृत पत्र

रा. रा. कॉन्फिगरेशन मॅनेजर क्लायंट ऊर्फ एजंटराव, मुक्काम पोस्ट कंट्रोल पॅनल, यांस,

कन्हेरीहून बारामतीला लॅब सांभाळायला जाणाऱ्या समस्त असिस्टंट मंडळींच्या वतीने हे पत्र. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा काढून घेतला आणि लॅबोलॅबी नवी इमेज टाकायची लगीनघाई उडाली. संध्याकाळपर्यंत संगणक चकाचक होतात, सर्व्हरवरून सॉफ्टवेअरची कामं सुटतात. आपण मात्र जागचे हलत नाही.

आपल्याला आळशी कोण म्हणेल? आपण नियमाचे पक्के. नवी पॉलिसी, म्हणजे सर्व्हरचा हुकूम, विचारायची ती मूळ सेटिंगप्रमाणे दर ६० मिनिटांनी. मधल्या वेळात लॅबला आग लागली तरी चालेल. शिवाय काम संगणकांच्या ज्या कलेक्शनला दिलंय, त्यात नवा संगणक आधी दिसायला हवा. कलेक्शनची पूर्ण उजळणी सात दिवसांतून एकदा! पाच-पाच मिनिटांनी भर घालणारी वेगळी सोय आहे, पण तिच्यावर टिक करायचं कुणाच्या लक्षात आलं तर ना.

आपली झोप तर कुंभकर्णाला लाजवणारी. इमेज टाकताना आपल्याला प्रोव्हिजनिंग मोडमध्ये निजवतात, आणि टास्क सिक्वेन्स अर्ध्यात कोलमडला की उठवायला कुणी उरत नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या १९०२ आवृत्तीपासून ४८ तासांनी आपण आपोआप उठता, हे उपकारच.

इंट्यून हे आपले चुलतबंधू. नवीन संगणकावर पहिली १५ मिनिटं दर तीन मिनिटांनी हजेरी, पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी, मग साधारण आठ तासांनी. गावच्या मारुतीपुढे निवडणूक प्रचाराचा नारळ फुटताना पाहिलेल्या कन्हेरीकरांना हा उत्साह ओळखीचा आहे.

खरा घोळ ज्याची इमेज घेतात त्या मूळ संगणकातच असतो. इमेज घेण्याआधी त्यावरची एसएमएससीएफजी.आयएनआय फाइल आणि आपली प्रमाणपत्रं पुसली नाहीत, तर अख्खी लॅब एकाच ओळखपत्रावर सर्व्हरपुढे उभी राहू शकते. मग कुणाचं काम कुणाला मिळालं, हे आपणच जाणे. मदरबोर्डवरचा सेल गेला असेल, तर आणखी मजा: घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं की ओळख तपासणारा कर्बेरॉस दारातूनच परत पाठवतो.

तेव्हा विनंती एवढीच, की पॉलिसीएजंट.लॉगमध्ये थोडं स्पष्ट लिहीत जावं.

आपले,
वाट पाहणारे

ता. क. कंटाळून एकाने पुन्हा इमेज टाकायला घेतली आहे. म्हणजे सगळं पहिल्यापासून.