मुलांची अडचण होऊ नये म्हणून

प्रति,
मा. अध्यक्ष,
वार्षिक स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, निरोप समारंभ व बालपदवीदान समिती
(शाळेचे नाव निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत आहेच. इथे साध्या शाईत लिहून त्याचा अवमान करत नाही.)

विषय : वर्षअखेरचे सर्व समारंभ अधिक देखणे व निर्विघ्न करण्याबाबत.

महोदय,

सर्वप्रथम आपले अभिनंदन. शाळेचे वर्ष संपायला पूर्वी एक दिवस पुरत असे. आपण ते काम चार महिन्यांवर नेले. डिसेंबरात गॅदरिंग, जानेवारीत क्रीडा महोत्सव, आनंदमेळा आणि आयांचे हळदीकुंकू, फेब्रुवारीत बक्षीस समारंभ, मार्चमध्ये चौथीचा निरोप आणि मोठ्या शिशूचा पदवीदान सोहळा. अधूनमधून वेळ उरलाच, तर मुलांना शिकवलेही जाते असे कळते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. कोळीनृत्याच्या तालमी त्या 800 तासांत धराव्यात की कसे, याचा खुलासा मात्र त्यात नाही. 2009 साली कायदा करणाऱ्यांची नजर आपल्याइतकी दूरवर पोहोचली नसावी.

माझी मुलगी दुसरीत आहे. यंदा ती झाड होती. त्याची सूचना वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला आली : उद्या सकाळी आठपर्यंत तपकिरी लेगिंग व पूर्ण बाह्यांचा हिरवा टी-शर्ट आणावा, पोपटी चालणार नाही. अशा वेळी पालकांमध्ये जो बंधुभाव निर्माण होतो, तो एरवी फक्त पुरात दिसतो. कोणाकडे जास्तीची लेगिंग निघाली, कोणाचा दीर दुकानदार निघाला, कोणी ड्रेपरीवाल्याला झोपेतून उठवले. सकाळी आठ वाजता जंगल उभे राहिले.

नाटक पर्यावरणावर होते. झाडे लावा, प्लास्टिक टाळा, वसुंधरा वाचवा. झाडांची पाने, डोक्यावरचा शेंडा आणि मागचा डोंगर असे सगळे थर्माकोलचे होते. राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. आपण मात्र त्याच थर्माकोलला पर्यावरणाच्या प्रचाराला जुंपलेत. गुन्हेगाराला सुधारण्याची अशी संधी तुरुंगातही मिळत नाही.

पत्रिकेवर वेळ सहाची होती, म्हणून मुलांना चारला बोलावले होते. मुले वेळेवर आली, कारण त्यांना पर्याय नव्हता. पाहुणे सात वाजता आले, कारण ते पाहुणे होते. मग दीपप्रज्वलन, पंख्याने दिवा विझल्यामुळे पुन्हा दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अहवालवाचन आणि मनोगते. एका मनोगतात आजची मुले उद्याचे नागरिक असल्याचे आम्हाला कळले. त्या वेळी उद्याचे नागरिक पडद्यामागे उपाशी बसले होते. लिपस्टिक जाईल म्हणून पाणी प्यायचे नव्हते. मावळ्यांची धोतरे टाचण्या लावून एकदाची बसवली होती, त्यामुळे पाणी पिऊनही उपयोग नव्हता.

ध्वनियोजनेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र असावे अशी कल्पना आहे. बाहेरच्या गोंगाटाचा शाळेला त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू. शाळेच्या गोंगाटापासून बाहेरच्यांना कोणी वाचवावे, हे तेव्हा कोणाला सुचले नाही. आपल्या साउंडवाल्याने पोवाड्याला असा काही बास लावला, की शेजारच्या सोसायटीतले आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिले. काहींचा समज झाला की ते मानवंदना देत आहेत.

नृत्ये उत्तम झाली असावीत. असावीत म्हणायचे कारण मी सातव्या रांगेत होते आणि माझ्यापुढे सहा रांगांचे मोबाइल होते. रंगमंच मला वीस-पंचवीस पडद्यांवर एकाच वेळी दिसला. त्यांतल्या एकावरही माझे झाड नव्हते, कारण ज्याने त्याने आपापल्या मुलावर झूम केले होते. मग मीही मोबाइल वर धरला. घरी येऊन चित्रफीत पाहिली, तेव्हा तीत पुढच्या काकांचा हात दिसला. हात स्पष्ट आहे. आजीला तो पाठवला, तिने अंगठा पाठवला.

बक्षीस समारंभाबद्दल काय बोलावे! पहिली ते चौथीत कोणी नापास होऊ शकत नाही. आपल्या राज्याने 2023 पासून पाचवी आणि आठवीला परीक्षेची अट आणली आहे, पण खालच्या वर्गांना तिचा धक्का नाही. तरीही पुढच्या वर्गात गेल्याबद्दल प्रत्येकाला ट्रॉफी देऊन आपण एक अटळ घटना साजरी केलीत. माझ्या मुलीला ‘उत्कृष्ट हास्य’ या गटात ट्रॉफी मिळाली. तिचा फोटो काढताना तिला तीनदा सांगावे लागले, ‘हस ना गं.’

तथापि आपल्या कारकिर्दीचा कळस म्हणजे मोठ्या शिशूचे पदवीदान. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत 1862 साली उत्तीर्ण झाले ते अवघे चौघे. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आपण एका दुपारी एकट्या ‘अ’ तुकडीतून याच्या दहापट पदवीधर बाहेर काढलेत, तेही दुधाचे दात पडण्याआधी. काळा झगा, चौकोनी टोपी, तिला लोंबणारा गोंडा, हातात फितीने बांधलेली गुंडाळी. गुंडाळी कोरी होती. पदवीचे मर्म इतक्या कोवळ्या वयात समजावून देणारी दुसरी शाळा माझ्या पाहण्यात नाही.

हा झगा युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांतून आला. तिथले विद्वान बहुतेक धर्मसेवक होते आणि इमारती गारठलेल्या. आपण तो मार्चअखेरच्या दुपारी, पत्र्याच्या मंडपात, पॉलिएस्टरमध्ये आणलात. काही नतद्रष्ट माणसे या झग्यावर उठली आहेत. एप्रिल 2010 मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदानात तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो भर व्यासपीठावर अंगातून काढला आणि त्याला वसाहतकाळाचा रानटी अवशेष म्हटले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून आपापल्या राज्याच्या परंपरेला साजेसा पोशाख ठरवायला सांगितले. डॉक्टरांनी टाकलेला झगा कोणीतरी अंगावर घ्यायलाच हवा होता. बाराखडीच्या वाटेवर असलेल्या आपल्या शिशूंनी तो घेतला. एक पदवीधर रडत होता, एकाने टोपीत खाऊ ठेवला होता, एवढे दोष सोडले तर सोहळा विद्यापीठाच्या तोडीचा झाला.

आता मूळ मुद्द्यावर येते. गॅदरिंगमध्ये सगळ्यांत मजा कधी आली, असे मी घरी मुलीला विचारले. नाच, नाटक, ट्रॉफी यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, ‘मेकअपच्या खोलीत. आम्ही पाच झाडं आणि एक ढग होतो. बाईंना स्टेजवर बोलावलं, तेव्हा आम्ही डोंगर का पाणी खेळलो. ढग सारखा पाण्यात पडायचा.’ नाटकाचे काय, असे मी विचारले. ‘त्यात उभंच राहायचं होतं,’ ती म्हणाली.

महोदय, हा प्रकार गंभीर आहे. लाखाच्या घरातला मंडप, प्रकाशयोजना, ड्रेपरी, साउंड एवढे सगळे दिमतीला असताना मुलांनी विनापरवाना, विनासंगीत आणि विनाखर्च आनंद घेतला. मुलांची अशीच आणखी एक चोरटी प्रथा आहे. शेवटचा पेपर झाला, की ती फाटकाबाहेर बर्फाचा गोळा खातात, एकमेकांच्या गणवेशावर पेनने नावे लिहितात आणि विनाकारण ओरडतात. त्याला अध्यक्ष नसतो, आभारप्रदर्शनही नसते. अनेक जिल्हा परिषद शाळांत तर अजून 1 मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन होते, गुरुजी निकाल हातात देतात, खाऊ वाटतात आणि पोरे धूम ठोकतात. छायाचित्रकारालाही दम खायला वेळ मिळत नाही, यावरून त्या समारंभाची पातळी लक्षात यावी.

सबब पुढीलप्रमाणे सुचवते.

1. पुढील वर्षापासून स्नेहसंमेलनातून मुलांना वगळावे. आजवर जे जे बिघडले ते त्यांच्यामुळे. तीच पावले विसरतात, तीच रडतात, मेलेला मोगल सरदार तेवढ्यात उठून आईला हात करतो.

2. त्यांच्या जागी पालकांना घ्यावे. कोळीनृत्याच्या सगळ्या पायऱ्या आयांना पाठ आहेत, कारण घरी तालीम त्यांनीच घेतली. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असे सांगणाऱ्या बाबांना काळे झगे द्यावेत. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांनीच तो केला, तर उगाच मध्यस्थ लागत नाहीत.

3. चारला पालकांनी यावे, टाचण्या लावून घ्याव्यात आणि आठपर्यंत पाणी पिऊ नये.

4. शिक्षकांना त्या दिवशी सुट्टी द्यावी. पेपर तपासणी, निकालपत्रके, सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवरच्या नोंदी यांतून त्यांना झाडे रंगवायला वेळ मिळतो, हाच मुळात चमत्कार आहे.

5. मंडप सभागृहात हलवावा व मैदान त्या संध्याकाळी मुलांना मोकळे करून द्यावे. खेळ कोणता, संघ कोणते, जिंकले कोण याची नोंद ठेवू नये. चेंडू दिला तर उत्तम, नाही दिला तरी ती काहीतरी शोधतील.

6. पदवीदान थोडे पुढे ढकलावे. साधारण सोळा वर्षे.

या सुधारणांमुळे ध्वनी, थर्माकोल आणि अश्रू यांची मोठी बचत होईल. समितीने योग्य तो निर्णय घ्यावा. समितीची बैठक होणारच असेल, तर चहापानाची वर्गणी ग्रुपवर कळवावी. रात्री साडेदहानंतरही चालेल, आता सवय झाली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एका झाडाची आई

प्रत माहितीसाठी :
1. ड्रेपरीवाले : मोठ्यांच्या मापाचे मावळे तयार ठेवावेत.
2. साउंडवाले : पालकांचे कान जुने असल्याने आवाज वाढवण्यास हरकत नाही.
3. प्रमुख पाहुणे : भाषण पूर्ण करावे, ऐकण्यासाठी पालक बांधील आहेत.
4. इयत्ता पहिली ते चौथीचे विद्यार्थी : यांना प्रत पाठवू नये. मैदानावर असतील, हाक मारू नये.