पूर्वीकर

हंपीजवळच्या सानापूरला, हॉस्टेलात पोचायला रात्रीचे अकरा झाले. आठ जणांची खोली, रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक खाटा आणि माझ्या नशिबी वरची. बावन्नाव्या वर्षी अंधारात शिडी चढताना तोंडून ‘आई गं’ निघालं, तसा खालचा पडदा सरकून एक अंबाडा बाहेर आला. अंबाड्याखाली दाढी होती.

“मराठी का? हंपीला पहिल्यांदाच?”

“हो.”

“उशीर केलात, काका.”

“अहो, होस्पेटला रिक्षाच मिळेना.”

“तसं नाही. दहा वर्षं उशीर केलात.”

या गृहस्थांना मी मनातल्या मनात पूर्वीकर म्हणू लागलो. राहणार डोंबिवली, पण तिथे ते क्वचितच राहत असावेत. हा माणूस कुठल्याही हॉस्टेलात भेटतो. ऋषिकेशला भेटतो, गोकर्णला भेटतो, हरमलला तर आपली खाट सोडून सगळी खोली त्याच्यासारख्यांनीच भरलेली असते. त्याची कालगणना ‘पूर्वी’ या शकाने चालते. प्रत्येक गावी तो त्या गावाच्या शेवटच्या चांगल्या दिवशी पोचलेला असतो. दुसऱ्या दिवशी आपली बस येते आणि गाव बिघडतं.

सकाळी गच्चीवर चहाला सगळी खोली जमली. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून आलेली इस्रायली मुलगी होती. एक जर्मन पोरगा पाठीवर गादी बांधून निघाला होता. हॉस्टेलच्या गाद्यांवर त्याचा विश्वास नसावा असं मला वाटलं. पण हंपीच्या शिळांवर दोराशिवाय चढणारे पडले तर लागू नये म्हणून ती खाली अंथरतात म्हणे. त्या दोघांनाही पूर्वीकरांनी उशीर केल्याचं इंग्रजीतून सांगून झालं होतं. मी साताऱ्याचा म्हटल्यावर ते हळहळले. “कास! तिकीट लागायच्या आधी बघायला हवं होतं.” मी लहानपणापासून कास बघत आलोय, हे सांगायची सोय नव्हती.

एका बाबतीत मात्र त्यांचं दुःख खरं होतं. विरुपाक्ष मंदिरासमोर, तुंगभद्रेच्या पलीकडे विरुपापूर गड्डी म्हणून जागा आहे. तिथे गेस्ट हाउसांचं एक गावच वसलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 2020 साली ते सगळं पाडलं. वारसास्थळाच्या हद्दीतली अनधिकृत बांधकामं म्हणजे दुसरं काय होणार? पण ज्याचा झोपाळा गेला त्याला कलमं सांगून काय उपयोग! पूर्वीकर मोकळ्या जमिनीवर उभे राहून, वाडा विकलेल्या माणसासारखे बोटाने दाखवत होते. “इथे माझा झोपाळा. इथे स्वयंपाकघर. हिब्रूत मेन्यू असायचा, काका!”

माणूस मायाळू. मला कुलूप दिलं, ओडोमॉस दिलं, विठ्ठल मंदिराला स्वतः घेऊन निघाले. रिक्षावाल्याशी मात्र त्यांनी पूर्वीच्याच दराने घासाघीस केली. उरलेले पैसे मी मुकाट्याने दिले.

मंदिरात पन्नासच्या नव्या नोटेवरचा तो दगडी रथ समोर आला. “पूर्वी याला हात लावू द्यायचे.” पुढे सभामंडपाचे खांब. “पूर्वी हे वाजवू द्यायचे.” गाभाऱ्यापाशी बार्शीकडच्या वारकरी बाया उभ्या होत्या. गाभारा रिकामा. त्यातली एक आजी उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावत होती. पूर्वीकरांना राहवलं नाही.

“आजी, फार उशिरा आलात तुम्ही.”

आजीने त्यांच्या अंबाड्याकडे कौतुकाने पाहिलं. “आमी न्हाय रं लेकरा, तूच उशिरा आलास. देव कवाच गेला पंढरीला. भानुदासबाबांनी न्हेला.”

कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन गेले, ही कथा वारकऱ्यांच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. पूर्वीकरांना नव्हती. त्यांनी हळूच विचारलं, “कधी झालं हे?”

“झाली की पाचशे वर्सं,” असं म्हणून आजी दर्शन झाल्यासारखी निघून गेली.

पाचशे! परतीच्या वाटेवर पूर्वीकर एकदाही ‘पूर्वी’ म्हणाले नाहीत. नावेत नाही, रिक्षात नाही. रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे देऊन टाकले. रात्री पडद्याआड मोबाइलचा उजेड बराच वेळ दिसत होता. मला वाईट वाटलं. खाली वाकून काहीतरी धीराचं बोलावं असं दोनदा मनात आलं, पण शिडी आठवली.

पहाटे बेंगळुरूहून कोल्हापूरची दोन पोरं आली. बॅगा टेकवतात न टेकवतात तोच पडदा सरकला.

“हंपीला पहिल्यांदाच?”

“हो दादा.”

“उशीर केलात रे. विठोबा होता तेव्हा यायला पाहिजे होतं.”