पुढचं नंतर सांगेन

मिखाएल एन्डे यांच्या ‘दी उनएंडलिखे गेशिख्टे’ या कादंबरीविषयी माझी काही तक्रार नाही. जी आहे ती लेखी देतो. पुस्तक 1979 साली श्टुटगार्टच्या थीनेमान प्रकाशनाने काढलं आणि मी राहतो श्टुटगार्टातच. म्हणजे माल आणि गिऱ्हाईक एकाच गावचे.

आधी शाई. बास्टिआन नावाचा मुलगा पुस्तक वाचतो ते आपलं जग तांबड्या शाईत छापलंय आणि तो जे वाचतो ते फान्टाझिएनचं अद्भुत जग हिरवट निळ्या शाईत. दुकानात हे फार सुरेख दिसतं. रात्री उशाशी पिवळा दिवा लावला की दोन्ही जगं चॉकलेटी होतात. मग कोण माळ्यावर बसलंय आणि कोण दलदलीतून चाललंय, हे मजकुरावरूनच ओळखायचं. ते तर काळ्या शाईतही जमलं असतं.

मग खुद्द बास्टिआन. हा पोरगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक उचलतो आणि शाळेच्या माळ्यावर जाऊन वाचत बसतो. दिवस मावळतो, शाळा सुटते, मेणबत्त्या पेटतात, तरी वर कोणी फिरकत नाही. या देशात शाळेची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलाला घेऊन विमानतळावर गेलात, तर पोलीस येऊन चौकशी करू शकतात. ड्रॅगन उडतो यावर माझा विश्वास बसला. जर्मन हाऊसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, माळा न तपासता घरी गेला, यावर काही बसेना.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. लेखकाने गृहीत धरलंय की वाचकाला माळा आहे, घोंगडी आहे आणि अख्खा दिवस मोकळा आहे. मला शनिवार आहे. शनिवारी सकाळी फान्टाझिएनच्या आत्रेयू या छोट्या नायकाचा घोडा, आर्टाक्स, दुःखाच्या दलदलीत रुतायला लागला आणि बेल वाजली. कुरिअर. पार्सल माझं नाही, तिसऱ्या मजल्याचं. पण ते लोक बाहेर गेलेत. इथे जो वाचत बसतो तो घरी सापडतो आणि जो घरी सापडतो तो इमारतीचा पोस्टमास्तर. सही करून परत आलो. घोडा पोटापर्यंत. पुन्हा बेल: कुत्र्याच्या खाण्याची गोण. इमारतीत कुत्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं. घोडा मानेपर्यंत. तिसऱ्या बेलेनंतर येऊन बसलो आणि दोन परिच्छेदांत घोडा गेला. ज्या प्रसंगाला म्हणे लोक ढसाढसा रडतात, तिथे माझ्या मांडीवर दुसऱ्याच्या पडद्यांचे रॉड होते.

उरलेला शनिवार केरवोखेचा. ज्याच्या दाराच्या मुठीला ती छोटी पाटी अडकते त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, कठड्यावरून फडकं फिरवायचं; मोठी पाळी असेल तर बाहेरचा फुटपाथसुद्धा. या प्रथेचं मूळ काउंट एबरहार्डच्या काळात, 1492 च्या शहरकायद्यात सांगतात. त्याच वर्षी कोलंबस नव्या जगाला जाऊन लागला. श्टुटगार्टकरांनी घरातच लक्ष घातलं. माझं पुसून झाल्यावर तळमजल्याच्या आजी वर येतात. इतक्या वर्षांत आमचं ‘झी’ सुटलेलं नाही, म्हणजे अहो-जाहोच. त्या कठड्यावरून एक बोट फिरवतात, बोट बघतात, मग मला बघतात आणि अत्यंत प्रेमाने ‘गूटन टाग’ म्हणतात. मी परत फडकं आणतो. फान्टाझिएनला ते भयंकर ‘शून्य’ गिळत चाललेलं असतं. त्यात एक सोय आहे, मागे धूळ उरत नाही.

आणि हे पुस्तक लिहिताना एन्डे कुठे राहत होते? इटलीत, रोमजवळच्या जेन्झानोत, द्राक्षमळ्यांच्या मुलखात. तिथे कोणी दाराला पाट्या अडकवत नाही. प्रकाशकाला शंभरेक पानांची गोष्ट देतो म्हणाले होते; मग कळवलं की बास्टिआन फान्टाझिएनमधून परत यायलाच तयार नाही. हे कारण मी एकदा आजींना देऊन पाहणार आहे.

आता थकबाकी. पानोपानी एखादं झकास पात्र येतं, चार वाक्यांत जीव लावतं आणि वाटेला लागतं. लगेच लेखक सांगून मोकळे: त्याची पुढची हकीकत वेगळी आहे, ती पुन्हा केव्हातरी. आमच्याकडे बिल्डर असंच बोलतात. मी अशा हकीकतींची यादी करत गेलो. यादी वाढली आणि एन्डे तर 1995 सालीच गेले. म्युनिकच्या वाल्डफ्रीडहोफमध्ये त्यांच्या समाधीवर ब्राँझचं भलंमोठं उघडं पुस्तक आहे. त्याचं पान उलटत नाही.

‘सिनेमा बघून टाक’, असं बायको सुचवते. 1984 सालचा, वोल्फगांग पीटरसनचा. तो पुस्तकाच्या साधारण मध्यावरच आटोपतो. एन्डे यांना तो इतका झोंबला की ते कोर्टात गेले आणि हरले. त्यात शुभंकर ड्रॅगन फूखुरला लव आली आहे आणि त्याचा चेहरा कुठल्याही घरच्या कुत्र्यासारखा आहे. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर ती गोण कुणासाठी जाते, याविषयी मला शंका आहे.

एका बाबतीत मात्र मी एन्डे यांचा हेवा करतो. पुस्तकाची 26 प्रकरणं ए ते झेड अशा क्रमाने सुरू होतात. क्यू आला, अडचण. त्यांनी क्वेर्क्वोबाद नावाचा म्हातारा आणला. एक्स आला, क्सायीडे नावाची चेटकीण. वाय आला, योर नावाचा आंधळा खाणकामगार. जग आपलंच, नावं आपणच ठेवायची, कुणाची परवानगी नको. मराठीत हा उद्योग करायचा तर आधी ङ, मग ञ. तेही ओढूनताणून निभतील. पण ण वर प्रकरण सुरू करायला कोणी एखादा णार्कंडेय राजा उभा केलाच, तर पुस्तक छापून व्हायच्या आत पुण्याहून शुद्धलेखनाबद्दल पत्रं येतील.