काचपेटीतला सूर्य

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याची टंचाई असली तरी उन्हाची कधीच नसते; तरीही सावेडीतल्या एखाद्या दिवाणखान्यात पाणवनस्पतींची काचपेटी मांडली गेली की प्रथम खिडकीचा पडदा ओढला जातो (थेट उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते, हे मान्य करावे लागते) आणि मग पेटीपेक्षा महाग दिव्याचा शोध सुरू होतो. खोक्यावर छापलेले ल्युमेन, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप, वनस्पतीच्या फारसे कामाचे नसते, कारण प्रकाशसंश्लेषणासाठी ती साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते. परंतु पैसे वनस्पती मोजत नसल्यामुळे विक्रेत्याने डोळ्यालाच पटवावे, हे व्यवहाराला धरूनच आहे. वास्तविक 6500 केल्व्हिनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, दोन फुटी 10 वॅटची साधी एलईडी ट्यूब जावा फर्न आणि अनुबियास यांसारख्या कमी उजेडावर जगणाऱ्या वनस्पतींना पुरते; तथापि तिच्या खोक्यावर मासा छापलेला नसल्याने ती बिचारी विजेच्या दुकानातच पडून राहते. मासा छापलेली जांभळी पट्टी मात्र घरी येते, पाहुण्यांच्या कौतुकासाठी सकाळपासून रात्री उशिरापर्यंत जळते, आणि सहा ते आठ तासांची मर्यादा ओलांडल्याचा पहिला लाभ शेवाळच उठवते. भारनियमन झालेच, तर टायमरचे पैसे तेवढे वाचतात. दरम्यान, दुकानात जुडीने विकली जाणारी हायड्रिला पाटाच्या संथ पाण्यात एकाही वॅटशिवाय इतकी माजते की प्रवाह तुंबतो आणि ती उपसून काढण्यावर सरकारी पैसा खर्च करावा लागतो.