स, ला, ते : नवशिक्यांसाठी तीन खिंडी

शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकताना ‘ला’ आपण सगळ्यांनी पाठ केला. शेर्पांच्या बोलीत ‘ला’ म्हणजे खिंड. म्हणून ‘कोंगमा ला खिंड’ असं म्हणू नये, तो पिवळा पीतांबर होतो. एवढं व्याकरण पक्कं झालं की नेपाळच्या खुंबू भागातल्या ‘थ्री पासेस’ ट्रेकची पहिली पायरी तुम्ही चढलात. पुढच्या पायऱ्या दगडाच्या आहेत.

खिंडी तीन. कोंगमा ला ५५३५ मीटर, चो ला ५४२० आणि रेंजो ला ५३६०. तुम्ही कळसूबाई केलंय हे आम्हाला माहीत आहे, तुम्हीच दोनदा सांगितलंत. आता १६४६ मीटरची अशी तीन कळसूबाई शिखरं एकावर एक रचा. त्या उतरंडीच्या टोकावर उभे राहिलात की जेमतेम लोबुचे गावाची उंची येते. लोबुचेला लोक झोपायला जातात. खिंडी त्याच्या वर.

तयारी म्हणून दर रविवारी सिंहगड चढा. घड्याळ लावून चढा. पाऊण तासात वर पोचायला लागलात की ग्रुपवर कळवा, पिठलं-भाकरी खा, आणि मग हा वेग विसरायला शिका. या शेवटच्या भागालाच सगळ्यात जास्त सराव लागतो आणि तो कोणीच करत नाही.

दिवाळीनंतर निघालात तर घरचे फराळ बांधून देतील. चकली नेऊ नका. तिसऱ्या दिवशी तिची भाजणी होते. साजूक तुपातला बेसनाचा लाडू न्या. पाच हजार मीटरवर तो फोडायला दगड लागतो, पण दगडांचा तिथे तुटवडा नाही. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, म्हणजे सकाळी निदान तोंड तरी उघडतं. बाटलीचं. नवे बूट नेपाळात उद्घाटनासाठी ठेवू नका.

वाट सुरू होते लुक्लापासून. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची आणि तिरकी. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. इथे विमान चढावर उतरतं आणि उतारावर चढतं. हे वाक्य पुन्हा वाचा. विमानात बसल्यावर वाचवणार नाही.

दिशेचं एक लक्षात ठेवा. मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, म्हणजे मणी, उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. पण तीन खिंडींची अख्खी प्रदक्षिणा मात्र बहुतेक जण उलटी घालतात: आधी कोंगमा, मग चो, शेवटी रेंजो. सुलट गेलात तर थामेकडून फार लवकर रेंजोच्या उंचीवर पोचता आणि शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. समोरून याक आले तर डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीच्या बाजूला उभं राहून याकाचा फोटो काढणाऱ्याला जागा कोणी द्यायची, हे याक ठरवतो.

आता भाषा. ‘बिस्तारै’ म्हणजे हळू. गाइडदाइ हा शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणतील. तो तुम्हालाच उद्देशून असतो. दुसरी संज्ञा ‘नेपाळी सपाट’. म्हणजे थोडं वर, थोडं खाली. ‘अजून किती?’ या प्रश्नाला हेच उत्तर सकाळी मिळतं, दुपारी मिळतं आणि अंधार पडल्यावरही मिळतं. डाळभात मात्र मनसोक्त खा, मागाल तितका पुन्हा वाढतात. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं आणि नुसत्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून चार-साडेचार हजार मीटरवरच्या लॉजमध्येही कुकरची शिट्टी ऐकू येते. याकाच्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटलेल्या शेगडीजवळ बसून ती शिट्टी ऐकताना काही जणांना घरची आठवण येते. बाकीचे डोकं धरून बसलेले असतात.

डोकं का दुखतं? साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. एका श्वासात अर्धाच प्राणवायू. म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आपण नेमके हेच दिवस कापतो. अठरा-वीस दिवसांची वाट, रजा चौदा दिवसांची, मग नामचेचा मुक्काम गळतो, दिंगबोचेचा गळतो. कागदावर छान दिसतं. मग रात्री शेजारचा मित्र श्वास घ्यायचा थांबतो, तुम्ही उठून बसता, आणि तो दचकून मोठा श्वास घेतो. असं त्या उंचीवर निरोगी माणसाचंही होतं. काळजी दुसऱ्या गोष्टीची करा. त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याला लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. ‘मी एकदम ठीक आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये. फेरिचेत हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी याच विषयावर व्याख्यान देतात. पुणेकरांनी व्याख्यान चुकवल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तिथे पाहिलंय.

कोंगमा ला. छुखुंगहून अंधारात निघा. लोबुचेपर्यंत चहाची टपरी नाही, लॉज नाही, काहीच नाही. वर पोचलात की पताकांखाली बसा आणि पलीकडे बघा. लोबुचेची छपरं समोरच दिसतात, हात लांब केला तर लागतील अशी. मधे खुंबू हिमनदी आहे. हिमनदी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे पांढरंशुभ्र आलं ते पुसा. ही खडीच्या ढिगाऱ्याखाली दडलेली आहे, आणि ती सरकते, म्हणून मागच्या हंगामातली वाट आज असेलच असं नाही. वाट दाखवायला दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. या पाडायच्या नसतात. ढिगाऱ्यावर चढायचं, उतरायचं, लगोरी शोधायची, हरवायची. इथे तुम्हाला या ट्रेकवरचा चौथा ‘ला’ भेटेल. तो नकाशात नाही. तुमच्या तोंडून आपोआप निघेल: आयला.

चो लासाठी झोंगलाला मुक्काम करा. झोंगलाच्या नावात ‘ला’ आहे, पण ती खिंड नाही, गाव आहे; व्याकरणात अपवाद असतात. इथल्या बर्फावर बुटांना काटे लावा आणि लवकर निघा, कारण ऊन चढलं की पलीकडच्या उतारावरचे दगडही निघतात.

रेंजो ला तिघींत सोपी म्हणतात. गोक्योचं निळं तळं, मागे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. पहिल्या दोन खिंडींवर फोटो काढायचं त्राण नसतं, ते सगळे इथे निघतात. मग उतरणीला दगडी पायऱ्या लागतात आणि गुडघे आपलं मनोगत व्यक्त करतात.

तीन खिंडी ओलांडून लुक्लाला परत आलात की ढग येतो. एकच, पण धावपट्टीवर. विमानं बंद. आज नाही, कदाचित उद्याही नाही. सामानाच्या यादीत एक राहून गेलं: पत्त्यांचा कॅट. मेंढीकोटला चौघं लागतात. तिघंच असाल तर गाइडदाइंना शिकवा, त्यांना वेळ आहे. तुम्हालाही.