मेल टाकलाय, बघून घ्या

प्राध्यापकी ईमेल फोनशिवाय पोहोचत नाही. आधी मेल जातो, मागोमाग ‘सर, मेल टाकलाय, बघून घ्या’ हा फोन जातो आणि फोन उचलला गेला नाही तर व्हॉट्सॲपवर मेलचा स्क्रीनशॉट. मेल उघडण्याची वेळ सहसा येत नाही.

१९७१ मध्ये पहिला नेटवर्क ईमेल शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन संगणकांपैकी एकातून दुसऱ्यात गेला. विभाग आणि कार्यालय एकाच इमारतीत असले तरी मेल करण्याची प्रथा बहुधा तिथूनच आली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला भौतिकशास्त्रातले अप्रकाशित निबंध ईमेलने मिळण्याची स्वयंचलित सोय झाली. निबंध मागवला की हजर, मधे माणूस नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांना खुले झाले आणि मधल्या माणसाची ही उणीव आपल्याकडे आवक-जावक खिडकीने भरून काढली.

संशोधकांच्या ऑनलाइन जाळ्यांवर पासपोर्ट फोटो लावून आपलाच निबंध रोज उघडून पाहणे, हा प्राध्यापकी इंटरनेट-व्यवहाराचा किरकोळ भाग. मुख्य भाग हार्ड कॉपी. प्रत्येक सूचनेच्या शेवटी असतेच: सॉफ्ट कॉपी मेल करावी, हार्ड कॉपी तीन प्रतींत समक्ष जमा करावी. त्यासाठी पीडीएफची प्रिंट निघते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मोबाइलवर तिचे स्कॅनिंग होते (कोपऱ्यात अंगठ्यासह), ते मेलने जाते आणि पलीकडे त्याची पुन्हा प्रिंट निघून फायलीला लागते. पुढचे टेबल ‘मेल केल्याची प्रिंट’ मागते. तिच्या तळाशी झाडे वाचवण्याची विनंती छापून येते. नवलाख उंबरे गावच्या संशोधक विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे प्रकरण परदेशातला जाणकार रात्रीत वाचतो, सकाळी शेरे पाठवतो. तेच प्रकरण पुण्याच्या टेबलावर ठेवायला तिने तळेगाव स्टेशन गाठायचे, लोकलने लोंबकळत जायचे, जेवणाच्या सुट्टीत पोहोचायचे, ‘साहेब मीटिंगमध्ये’ ऐकायचे आणि परतीला, ऐन दुपारी लोकल विरळ असताना, फलाटावर बसून राहायचे. तिचा हा दिवस कोणाच्या बापाचा? तीन प्रतींपैकी एकही कोणी वाचणार नाही, हे खिडकीतल्यालाही ठाऊक असते. पहिली कपाटात जाते, दुसरी कपाटावर. तिसरीच्या पाठकोऱ्या पानांवर डब्याचा हिशेब होतो.

पोच मात्र ईमेलने मिळते: हार्ड कॉपी प्राप्त. सॉफ्ट कॉपी आढळली नाही, पुन्हा पाठवून तसे फोनवर कळवावे.