टाकी, स्टँडसकट

वापरलेली फिशटँक कुणी विकत नाही, तिच्यातून सुटका करून घेतो. जुना फ्रिज विकणारा माणूस शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करेल. टँकवाला मात्र तुम्ही ‘किती?’ म्हणायच्या आत स्टँड, झाकण, फिल्टर, रंगीत खडे आणि तोंडाची उघडझाप करणारा प्लास्टिकचा पाणघोडा तुमच्या हवाली करून लिफ्टचं बटणसुद्धा दाबून ठेवतो. आमच्याकडे ती आली सोसायटीतल्याच, बेंगळुरूला बदली झालेल्या एका कुटुंबाकडून.

“काही प्रॉब्लेम नाही ना?” नवऱ्याने विचारलं.

“छे हो! बाल्कनीत नुसती पडून होती.”

त्या ‘नुसती’त बाल्कनीचे किती उन्हाळे होते, हे विचारायचं राहून गेलं.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. “म्हणजे शंभर लिटरच्या वर पाणी. म्हणजे शंभर किलोच्या वर वजन. काच आणि खडे वेगळे!” चिरंजीवांनी हे गणित ज्या क्षणी खणखणीत आवाजात सोडवलं, नेमक्या त्याच क्षणी खालच्या मजल्यावरचे काका पेपर परत द्यायला दारात उभे होते. आमच्या बाथरूममुळे त्यांच्या छताला ओल येते, असं काकांचं म्हणणं. ती ओल पावसाची आहे, असं आमचं. या प्रश्नावर सोसायटीच्या वार्षिक सभा चहा गार होईपर्यंत चालल्या आहेत. आता आपल्या डोक्यावर तलाव होणार हे कळल्यावर काका काहीच बोलले नाहीत. फक्त वर बघितलं. छत आमचं होतं, तरी.

मासे आणण्याआधी टाकी भरून रात्रभर ठेवायची असते. खाली थर्माकोल, त्याखाली वर्तमानपत्र. सकाळी अग्रलेख भिजला होता, क्रीडा पान कोरडं होतं. “डावा कोपरा!” नवऱ्याने निदान केलं. पण पाणी जिथून निघतं तिथेच दिसेल, इतकं ते सरळ नसतं. काचेच्या सांध्यातून हवं तसं फिरतं आणि दुसऱ्याच ठिकाणी टपकतं. काकांच्या छताबाबत आम्ही नेमका हाच मुद्दा मांडत आलोय, पण तो भाग वेगळा.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं एम-सील लावा. कुणी मेण सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाण्यात मूठभर हळद टाकायला सांगितली, ट्रकवाले म्हणे गळक्या रेडिएटरमध्ये टाकतात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “नवीन घ्या.” पण “काच चांगली आहे!” हे नवऱ्याचं पालुपद. आमच्या घरात तीन चाकांची ट्रॉलीबॅग आणि एका कानाचा हेडफोन याच न्यायाने जिवंत आहेत.

फोनवर वाचून वाचून नवरा तज्ज्ञ झाला. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं आणि तिकडच्या दिवाणखान्यांत टाक्यांची साथ आली, हे आम्हाला जेवताना कळलं. तेव्हा लोखंडी चौकट आणि लांबी असे. आता चौकट गेली, सगळी भिस्त सिलिकॉनच्या रेघेवर.

हार्डवेअरवाल्याने विचारलं, “बाथरूमचं देऊ का खिडकीचं?”

“माशांचं,” नवरा म्हणाला.

दुकानदाराने ट्यूब पुढे करण्याआधी त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना बाधतं. त्यामुळे साधं घ्यायचं. शिवाय नवीन सिलिकॉन जुन्याला नीट चिकटत नाही, म्हणून गळतंय तेवढ्यावरच ठिगळ लावून भागत नाही. आतली सगळी रेघ ब्लेडने खरवडायची, स्पिरिटने काच पुसायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, मग गनमधून नवी रेघ ओढून एका दमात बोट फिरवायचं. खरवडण्यात अख्खा रविवार गेला. एरवी डब्याचं झाकण उघडायला मला हाक मारणारा माणूस कोपऱ्यातलं तांदळाएवढं सिलिकॉन काढायला टॉर्च तोंडात धरून टाकीत कमरेपर्यंत शिरला होता. पाणघोडा बाहेरून बघत होता.

सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास सोडतं. संध्याकाळपर्यंत घर नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीसारखं दरवळायला लागलं, आणि चिरंजीवांनी मंचुरियनचा हट्ट धरला. ब्लेड, गन, टेप, स्पिरिट आणि मंचुरियन मिळून जो आकडा झाला, त्यात कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून नवी टाकी आली असती. सासूबाईंनी हिशेब मोठ्याने केला नाही. फक्त बोटं मोडली, तीही मला दिसतील अशी.

दोन दिवस सुकवून पुन्हा टाकी भरली, पुन्हा वर्तमानपत्र. सकाळी पान पहिलं ते शेवटचं, सगळं कोरडं! नवऱ्याने लग्नातसुद्धा इतका आनंद दाखवला नव्हता.

त्याच दुपारी काका वर आले. आम्ही दोघंही टाकीपुढे आडवे उभे राहिलो.

“उरलंय का थोडं?” काकांनी विचारलं. “आमच्या बाथरूमला लावतो. तुमच्या मजल्याचं पाणी आमच्यातून त्यांच्याकडे जातंय, असं ते खालचे म्हणतात.”

“पण काका, हे माशांचं आहे. यात बुरशीचं औषध नसतं. बाथरूमला काळी बुरशी धरेल.”

“धरू दे,” काका ट्यूब खिशात घालत म्हणाले, “बुरशीबद्दल सभेत कुणी बोलत नाही.”